दहावी झाली की निघू

आज सकाळी बसमधून उतरले तर शाळेची पाटीसुद्धा धड दिसत नव्हती. रात्रभर धुळीचा वारा होता. आकाश पिवळट, मैदानातली वाळू पायऱ्या चढून वर आलेली, आणि स्टाफरूममध्ये थंडीनंतर पहिल्यांदाच एसी लावलेला, त्यामुळे तो जुना कोंदट वास. म्हणजे मार्च आला. शारजात वसंत वगैरे काही येत नाही. सकाळचं धुकं संपतं, एसी सुरू होतो आणि बोर्डाची परीक्षा येते. या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात होतात, आणि त्या आठवड्यात मला दर वर्षी श्वास पुरेनासा होतो. डॉक्टर त्याला धुळीची ॲलर्जी म्हणतात. मीही लोकांना तसंच सांगते.

यंदा प्रिन्सिपल मॅडमनी आणखी एक काम गळ्यात घातलंय. शाळेची स्मरणिका निघणार आहे. "तुम्ही हिस्टरीच्या, आणि स्टाफमध्ये सगळ्यात जुन्या. शाळेचा इतिहास तुम्हीच लिहा. एक पान बास." एका पानात इतिहास कसा लिहायचा, असं विचारायची माझी छाती नाही. मी मुलींना अख्खी फ्रेंच राज्यक्रांती पाच मार्कांत बसवायला शिकवते.

तर इतिहास असा. शाळा एका भाड्याच्या व्हिलात सुरू झाली. हॉलमध्ये पहिली-दुसरी, बेडरूममध्ये तिसरी, आणि स्वयंपाकघरात बालवाडी. जेसी टीचर तेव्हापासूनच्या. केरळातून नवऱ्याच्या मागोमाग आल्या आणि घरात बसून कंटाळल्या म्हणून शिकवायला लागल्या. त्या सांगायच्या, व्हिलाच्या बाथटबमध्ये नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या ठेवलेल्या असत आणि सहामाहीत एकदा कोणीतरी नळ सोडायचंच. नंतर सरकारने जागा दिली. वाळूवर पत्र्याचे वर्ग उभे राहिले, मग ही तीन मजली इमारत. सकाळी मुली, दुपारी मुलगे. एकाच बेंचवर सकाळी कोणाची तरी आयेशा आणि दुपारी कोणाचा तरी अभिषेक बसतो, आणि दोघं एकमेकांना कधी पाहत नाहीत. कुवेतचं युद्ध झालं तेव्हा तिकडून मुलं आली, दप्तर नाही, दाखला नाही. जेसी टीचरनी त्यांना सरळ वर्गात बसवलं. "बुक नहीं, टीसी नहीं, बच्चा तो है ना?" एवढं म्हणून त्या फळ्याकडे वळल्या होत्या, असं जुने लोक सांगतात.

हे सगळं स्मरणिकेत छान दिसेल. मुलं आली, मुलं आली, मुलं आली. मंदीच्या ज्या वर्षी मुलं गेली, त्या वर्षाचं काय लिहू?

त्या वर्षी गार्गी, माझी मुलगी, दहावीला होती. माझ्याच शाळेत, त्यामुळे घरी आई आणि शाळेत 'मॅम'. सुधीर, माझा नवरा, दुबईत एका बांधकाम कंपनीत होता. टॉवर उभा करायला किती सळई, किती काँक्रीट लागेल ते काढणं हे त्याचं काम. गणेशोत्सवात आम्ही त्याच्या बॉसच्या घरी मोदक खाल्ले होते, आणि दिवाळीपर्यंत बॉसच मुंबईला परत गेला होता. शेख झायेद रोडवरून जाताना क्रेन मोजायचा गार्गीला लहानपणापासून नाद. त्या थंडीत क्रेन तेवढ्याच होत्या, पण हलत नव्हत्या. ती म्हणाली, "बाबा, व्हाय आर दे स्लीपिंग?" सुधीर हसला नाही.

आमच्या शाळेत एक रीत आहे. दहावीच्या मुली शेवटच्या दिवशी एकमेकींच्या पांढऱ्या ओढणीवर मार्करने सह्या करतात. वर्षातून एकदाच, मार्चमध्ये, आणि आम्ही टीचर लोक न पाहिल्यासारखं करतो. त्या वर्षी नोव्हेंबरात एका मंगळवारी मला वर्गात एक ओढणी दिसली, सह्यांनी निळी झालेली. "व्हॉट इज धिस?" मी ओरडले. ती पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅम, टुडे इज माय लास्ट डे. डॅडीचा व्हिसा कॅन्सल झाला." मी खडू ठेवला आणि माझीही सही केली. त्यानंतर दर आठवड्याला एखादी ओढणी रंगायची. पुढे पुढे तर मुली मार्कर दप्तरातच ठेवायला लागल्या. कोणाची पाळी केव्हा येईल, सांगता येत नव्हतं.

मी इतकी वर्षं इतिहास शिकवत होते, पण इतिहास असा वर्गात येऊन बेंच रिकामे करत जातो, हे मला माहीत नव्हतं. मला त्याची भीती वाटली. आणि राग आला, कोणाचा ते कळेना.

मग आमची पाळी आली. जानेवारीत सुधीरच्या कंपनीने कागद हातात दिला. नोकरी गेली की तिच्यावरचा व्हिसा जातो, त्याच्याबरोबर बायकोचा जातो, मुलीचा जातो, आणि देश सोडायला एक महिना मिळतो. माझी नोकरी शाळेत, पण व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा. शाळांना तेच सोयीचं पडायचं. बोर्डाचा पहिला पेपर मार्चच्या सुरुवातीला. परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा, नंबर आलेला, आता भारतातलं केंद्र मिळणं शक्य नाही. म्हणजे महिना संपल्यावर उरलेल्या दिवसांत आम्ही या देशात असायचं कशाच्या जोरावर? नाही राहिलो तर गार्गीचं वर्ष गेलं.

सुधीर त्या दिवशी जेवला, ताट स्वतः घासलं आणि म्हणाला, "दहावी झाली की निघू. तिघं एकदम. खलास. नाशिकचा फ्लॅट आहे, मी काहीतरी बघतो. फक्त तेवढे दिवस काढायचेत." त्याला परत जायचं होतं. खरं तर त्याला कित्येक वर्षांपासून जायचं होतं. नोकरी गेली तेव्हा त्याच्या तोंडावर काळजी होती आणि काळजीच्या आड थोडी सुटकाही होती. मी त्याला चांगली ओळखते.

बशीरभाईंनी मार्ग काढला. बशीरभाई म्हणजे शाळेचे व्हिसाचे सगळे कागद घेऊन सरकारी ऑफिसांत फिरणारा माणूस. शर्टाच्या खिशात सहा पेनं आणि तोंडात कायम वेलची. "टीचर, आपको स्कूल का विसा लेने का. फिर आप स्पॉन्सर. हजबंड और बच्ची आपके ऊपर."

"बायको नवऱ्याला स्पॉन्सर करू शकते?" मी मराठीतच विचारलं, इतकी गडबडले होते.

त्यांना कळलं. "टीचर लोग कर सकता है. परमिशन लगता है. इन्शाल्ला हो जाएगा."

प्रिन्सिपल मॅडमनी नाही म्हटलं नाही. तीन वर्षांचा करार, आणि पासपोर्ट शाळेच्या ऑफिसात राहील, "सेफ्टीसाठी". सगळ्यांचेच राहायचे. मी सही केली. आनंदाने केली, हे लिहायला हवं. तीन वर्षं हा आकडा त्या वेळी मला दिसलाच नाही. मला फक्त मार्च दिसत होता. सुधीर म्हणाला, "करार काय, परीक्षा झाली की राजीनामा देऊन टाकू." इकडच्या सगळ्या कुटुंबांचा असाच ठाम विश्वास असतो की सही आज करायची आणि निस्तरायचं नंतर.

सुधीरचा व्हिसा छापून आला तेव्हा त्याने पासपोर्ट उघडून मोठ्याने वाचलं. स्पॉन्सर म्हणून माझं नाव. खाली, काम करण्यास परवानगी नाही. "घ्या," तो म्हणाला, "आयुष्यभर आई ओरडायची काम कर, काम कर. आता सरकारनेच बंदी घातली." मग मला वाकून म्हणाला, "मालकीणबाई, चहा टाकू का?" आम्ही तिघंही हसलो. तो नंतरही तो विनोद करत राहिला, रोज, आणि आमचं हसणं कमी होत गेलं.

त्या दिवसांत शाळेचं गेट बदललं. सकाळची शाळा सुटायच्या वेळी पूर्वी गेटवर आयांचा घोळका असे. आता बाप उभे. इस्त्रीचे शर्ट, चकचकीत बूट, हातात लंचबॅगा, आणि भर दुपारी करायला काहीच नाही. सुधीरही त्यांच्यात. कोपऱ्यावरच्या टपरीचा कडक चहा घेत ते एकमेकांना सांगायचे, अबुधाबीत काहीतरी निघतंय, रुवैसला तेलवाल्यांकडे माणसं घेतायत, यल्ला, चला, सीव्ही पाठवू. दुसऱ्या दिवशी तेच. जेसी टीचर खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "टीचर, इतने साल बोलती थी, फादर लोग स्कूल में आता ही नहीं. अब देखो." आणि त्या पटकन आत वळायच्या.

घरी शिस्त होती. गार्गीसमोर नोकरीबद्दल बोलायचं नाही, टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत. एका संध्याकाळी भूमितीचं प्रमेय लिहिता लिहिता तीच म्हणाली, "आई, यू गाइज कॅन टॉक नॉर्मली. आय नो एव्हरीथिंग. माय होल क्लास नोज." आणि पुढची आकृती काढायला लागली. मग आम्ही बोलायला लागलो, पण बोलायला होतं तरी काय?

परीक्षेच्या हॉलमध्ये मी पहारा देत होते. बेंचवर नंबर चिकटवलेले असतात आणि जी मुलगी देश सोडून गेली तिचाही नंबर असतो, कारण नावं पूर्वीच गेलेली. नियम असा की तिच्याही बेंचवर उत्तरपत्रिका ठेवायची आणि अर्धा तास वाट पाहायची. मी ठेवत गेले. खिडकीबाहेर माळी खजुराच्या झाडावर चढून तुऱ्यांवर परागांची पूड झटकत होता. एसीचा आवाज, पेनांचा आवाज, आणि रांगेत मधेमधे कोऱ्या उत्तरपत्रिका. माझी मुलगी पुढच्या हॉलमध्ये लिहीत होती आणि ती तिथे आहे, या एका गोष्टीने माझे पाय जमिनीवर होते. ज्या आया आपल्या मुलींना घेऊन निघून गेल्या होत्या त्या कोण्या गावी काय करत असतील, असं वाटून मग मला आनंदही धड होईना.

शेवटचा पेपर झाला. गार्गी रंगलेली ओढणी घालून घरी आली. दारात उभी राहून बघते तर हॉल रिकामा. सोफा नाही, डायनिंग टेबल नाही, टीव्ही नाही. सुधीरने सकाळीच कार्गोवाल्याला बोलावलं होतं. इकडचं प्रत्येक घर शेवटी असंच रिकामं होतं. खोक्यांत भरायचं, वर मार्करने नाव-गाव लिहायचं आणि जहाजाने मायदेशी पाठवायचं. "समुद्रमार्गे तीन दिरहॅम किलो," सुधीर मला उत्साहाने सांगत होता, "म्हणजे चाळीस रुपये. विमानापेक्षा किती स्वस्त!" त्याने प्रेशर कुकरसुद्धा पाठवला होता. घरात तीन गाद्या, एक पातेलं आणि पंखा एवढंच उरलं होतं. मी त्याला ओरडले नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो मुलासारखा खूश होता.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या वाईट बाई नव्हत्या, हीच तर अडचण. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "मिसेस," त्या म्हणाल्या, "निम्मा स्टाफ गेला. एप्रिलमध्ये नवीन दहावी सुरू होते. तुम्हाला गरज होती तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही. आता मला गरज आहे तेव्हा तुम्ही चाललात?" करार मोडायचा तर तीन महिन्यांचा पगार भरायचा, हे त्यांनी अगदी शेवटी, जवळजवळ संकोचाने सांगितलं. ते आमच्याकडे नव्हतंच. पण खरं सांगायचं तर मी राजीनामा परत घेतला तो पैशांमुळे नाही, 'तुम्हाला गरज होती तेव्हा' या त्यांच्या शब्दांमुळे. उपकाराला पावती नसते, त्यामुळे तो फेडूनही होत नाही.

बाहेर बशीरभाई होते. मी त्यांच्यावर चिडले. "तुम्ही म्हणालात होईल म्हणून!"

"विसा का बोला था टीचर. विसा हो गया ना?" त्यांचं बरोबर होतं.

आमच्या शाळेच्या वर्षाला कुठे फट नाही. मार्चमध्ये परीक्षा संपते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुढचं वर्ष सुरू होतं. भारतात निदान मे महिना असतो, माणूस थांबून विचार करू शकतो. इकडे सुट्टी येते जुलैमध्ये, वर्ष अर्धवट असताना. एकदा आत शिरलं की उतरायला स्टेशनच नाही. गार्गी अकरावीला बसली. सुधीर म्हणाला, "ठीक आहे. बारावी झाली की." त्याने 'निघू' हा शब्द उच्चारला नाही.

त्या रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोन वर्षं काढली. जमिनीवर बसून जेवायचो. पाहुणे आले की सुधीर म्हणायचा, "जपानी पद्धत आहे." आमचा सोफा नाशिकमध्ये पोचला होता आणि त्याच्यावर कोणी बसत नव्हतं. सुधीर तो उतरवून घ्यायला गेला, मग राहिला, एका मित्राच्या साइटवर कामाला लागला. पण माझ्या व्हिसावरच्या माणसाने सहा महिन्यांच्या आत इकडे पाऊल ठेवलं नाही तर त्याचा व्हिसा मरतो. म्हणून तो यायचा. चार दिवस, व्हिसा जिवंत ठेवण्यापुरता. विमानतळावर त्याला घ्यायला जाताना मी साडी नेसायचे. चार दिवसांत दोन दिवस आम्ही भांडायचो. त्याला वाटायचं मी मुद्दाम अडकून राहिलेय, मला वाटायचं तो मला एकटीला ठेवून मोकळा झालाय. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं.

गार्गीची बारावी झाली. मार्चच होता. माझा करार मात्र अजून संपायचा होता. ती पुण्याला कॉलेजात गेली आणि सुधीर तिला सोडायला म्हणून इथून निघाला. सहा महिने संपत आले तरी त्याने तिकिटाचं नाव काढलं नाही. शेवटच्या दिवशी मी वर्गावर होते आणि मोबाइल ऑफिसात जमा केलेला. सुटल्यावर बघितला. सुधीरचा एक मिस्ड कॉल होता. मी फोन लावला.

"मी येत नाहीये," तो म्हणाला. "मला नाही जमत आता, चार दिवसांचा पाहुणा व्हायला. तू ये."

"कशी येऊ?"

फोनवर त्याच्या मागे साइटवरच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही, हेवा वाटला. इतका हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. तो सुटला होता, आणि आम्हा तिघांना धरून ठेवायला जो व्हिसा घेतला त्याच्यावर आता मी एकटी होते.

पुढे करार संपला तेव्हा गार्गीचं कॉलेज चालू होतं, म्हणून मी पुन्हा सही केली. मग तिचं लग्न ठरलं, म्हणून पुन्हा. मग कारण सांगायचंच राहून गेलं. जेसी टीचर निवृत्त होऊन गावी गेल्या. बशीरभाई गेले. शाळेला लिफ्ट आली, स्मार्ट बोर्ड आले. त्या वर्षी रिकामे झालेले बेंच पुढच्या दोन-तीन वर्षांत भरलेही. नवीन मुलींना मी क्रेन झोपल्याचं सांगते तेव्हा त्या हसतात. त्यांच्या खिडकीतून रोज क्रेन हलताना दिसतात.

आणि एक दिवस ऑफिसातून सगळ्यांना बोलावून पासपोर्ट परत दिले. आता ठेवून घेत नाहीत. मी माझा घरी आणला, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून मला जास्त गुदमरायला लागलं. तोवर मी सगळ्यांना सांगू शकत होते की काय करू, पासपोर्ट शाळेत आहे. गार्गीही तेच ऐकायची, सुधीरही. आता ते सांगता येत नाही.

हे मी स्मरणिकेत लिहिणार नाही. तिथे व्हिला येईल, बाथटब येईल, कुवेतची मुलं येतील. मुली गेल्या त्या थंडीबद्दल एखादं वाक्य घालीन म्हणते, मॅडमनी ठेवलं तर.

काल संध्याकाळी सुधीरचा फोन आला. तो आता साठीला टेकलाय, बोलताना मधे थांबतो. त्याने गार्गीच्या मुलाचं सांगितलं, बाल्कनीला जाळी लावून घेतली ते सांगितलं. मी स्मरणिकेचं सांगितलं. मग तो म्हणाला, "पासपोर्ट तुझ्याकडेच असतो ना आता?"

"हो."

"कपाटात?"

"हो."

"मग?"

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर धूळ होती, समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती. त्याने घाई केली नाही. तो खरोखर वाट पाहत होता.

"उद्या दहावीचा पेपर आहे," मी म्हणाले.